डीएचसीपी दोषशोधन (लिनक्स)

संगणक नेटवर्कला जोडताच त्याला आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस सर्व्हरची माहिती आपोआप मिळावी म्हणून डीएचसीपी हा प्रोटोकॉल वापरला जातो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीसाठीचा त्याचा आजचा मूळ आराखडा मार्च १९९७ मध्ये ‘आरएफसी २१३१’ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात प्रसिद्ध झाला. क्लायंट (पत्ता मागणारा संगणक) ‘डिस्कव्हर’ पाठवतो, सर्व्हर (पत्ते वाटणारे यंत्र) ‘ऑफर’ देतो, क्लायंट ‘रिक्वेस्ट’ करतो आणि सर्व्हर ‘ॲक’ देऊन ठरावीक मुदतीसाठी पत्ता बहाल करतो. हे संभाषण नेमके कुठे तुटले याचा शोध म्हणजेच दोषशोधन. सेवा पुनःपुन्हा सुरू करून पाहण्याने हा शोध पुढे सरकत नाही.

प्रथम ‘आयपी लिंक’ (ip link) ही आज्ञा द्यावी. उत्तरात ‘नो-कॅरियर’ (तारेवर संकेत नाही) दिसल्यास दोष बहुधा तारेत, पिनेत किंवा पोर्टात असतो. मुंबईत केबलवाल्यांच्या तारा अनेकदा गच्चीवरून गच्चीवर ओढलेल्या असतात आणि पावसाळ्यात त्यांच्या जोडांत पाणी शिरते, त्यामुळे ही तपासणी वगळू नये.

तार ठीक असूनही सर्व्हरचे उत्तर येत नसेल, तर काही क्लायंट स्वतःहून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात, काही पत्त्याविनाच राहतात. अशा वेळी नेटवर्कवरची पाकिटे दाखवणाऱ्या ‘टीसीपीडम्प’ने डीएचसीपीच्या ६७ आणि ६८ या यूडीपी पोर्टांवरची ये-जा पाहणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. डिस्कव्हर जातो पण ऑफर येत नाही, याचा अर्थ बहुधा सर्व्हर बंद आहे, वाटायचे पत्ते संपले आहेत किंवा सेवादात्याने जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याशी (नेटवर्क कार्डाच्या हार्डवेअर पत्त्याशी) बांधली आहे. राउटर काढून तीच तार थेट लिनक्स संगणकाला लावणाऱ्याला ही शेवटची अडचण अनेकदा भेटते. तेव्हा सेवादात्याकडून नवा मॅक पत्ता नोंदवून घ्यावा लागतो. याउलट दोन ठिकाणांहून ऑफर येत असतील, तर कोणीतरी दुसऱ्या राउटरचे लॅन पोर्ट त्याच नेटवर्कला जोडलेले असण्याची दाट शक्यता असते.

एक दोष विशेष फसवा आहे. दादर किंवा परळच्या एखाद्या संगणकवर्गात एका यंत्राची डिस्क जशीच्या तशी वीस यंत्रांवर उतरवली, की ‘मशीन-आयडी’ (प्रत्येक लिनक्स स्थापनेचा ओळख क्रमांक) सर्वांचा एकच राहतो. ‘सिस्टमडी-नेटवर्कडी’ ही लिनक्समधील नेटवर्कसेवा सर्व्हरला द्यायची ओळख मुळात त्यावरूनच तयार करत असल्याने मॅक पत्ते वेगळे असूनही अनेक यंत्रांना एकच आयपी पत्ता मिळतो आणि जोडण्या आळीपाळीने तुटतात. प्रत उतरवण्यापूर्वी मशीन-आयडीची फाइल रिकामी करावी किंवा मॅक पत्त्यावरून ओळख देण्याचा पर्याय निवडावा.

एकाच इंटरफेसवर (नेटवर्क जोडणीवर) ‘नेटवर्कमॅनेजर’ ही जोडण्या सांभाळणारी सेवा आणि दुसरा डीएचसीपी क्लायंट एकाच वेळी चालू असल्यासही गोंधळ होतो. ‘डीएचक्लायंट’ या जुन्या डीएचसीपी क्लायंटची देखभाल त्याच्या निर्मात्या आयएससी संस्थेने २०२२ मध्ये थांबवल्यामुळे त्यावर आधारलेल्या जुन्या सूचना नव्या वितरणांत लागू पडतीलच असे नाही, आपल्या यंत्रावर कोणता क्लायंट चालतो ते ओळखून ‘जर्नलसीटीएल’ (यंत्राच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) मधील त्याच्या नोंदी वाचाव्यात. पत्ता मिळाला, गेटवेला पिंग पोहोचते, पण संकेतस्थळाचे नाव उलगडत नाही, असे असल्यास पत्तावाटप सुरळीत आहे असे मानून डीएनएसची (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची) तपासणी करावी.