तापलेल्या लोखंडाचा कानोसा

पेरणीच्या तोंडावर वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, पाजवायला नेली, की भाता, घण, पाणी सगळं उरकल्यावर खातीबुवा, म्हणजे गावचा लोहार, ती बोटावर तोलतो आणि हातोडीनं हलकेच ठोकतो. खणकन वाजली तर घेऊन जा. बद्द वाजली तर कुठंतरी चीर आहे. मात्र लाल पास तो कधी वाजवून बघत नाही. तापलेलं लोखंड साबूत असलं तरी बद्दच वाजतं.

रेल्वेनंही हीच युक्ती उचलली. गाडी उभी राहिली की हातोडीवाला एकेक चाक ठोकत जायचा. पण रुळाच्या पोटातली चीर अशी सापडत नाही. 1911 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ रूळ तुटून गाडी घसरली, 29 माणसं गेली. वरून धड दिसणारा रूळ आतून चिरलेला होता. हातोडीच्या आवाजाची लहर पोलादात काही मीटर लांब असते, तिला सुपारीएवढी चीर जाणवत नाही. कंपनं सेकंदाला 50 लाखांवर नेली, की लहर जेमतेम सव्वा मिलिमीटरची होते आणि चिरेवर आपटून परत फिरते.

लेनिनग्राडच्या सर्गेई सोकोलोव्ह यांनी 1928 च्या सुमारास धातूतून असा आवाज आरपार सोडून खोट शोधायची कल्पना मांडली. मिशिगन विद्यापीठाच्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी एकाच बाजूनं हाक मारून प्रतिध्वनी ऐकणारं यंत्र केलं. पेटंट मिळालं 1942 मध्ये. आजही तपासनीस तेल किंवा जेल फासून प्रोब, म्हणजे आवाज सोडणारी आणि ऐकणारी डबी, फिरवतो तो याच तत्त्वावर.

घोडं अडलं ते तावावर. तापलं पोलाद लाटून सळई काढणाऱ्या रोलिंग मिलमध्ये बिलेट, म्हणजे पोलादाचा लांबट ठोकळा, शिरतं ते अकराशे-बाराशे अंशांवर. जेल क्षणात उडून जातं, आणि नेहमीच्या प्रोबमधलं सिरॅमिक साडेतीनशेच्या आसपासच निकामी होतं. माल गार होईपर्यंत थांबावं, तर तोवर त्याच खोटीची सळई ट्रकभर निघालेली असते. बरं, हवेतूनच आवाज सोडावा म्हटलं तर हवा आणि पोलाद यांचं जमत नाही: जवळजवळ सगळा आवाज पृष्ठभागावरूनच माघारी येतो.

मग आवाज बाहेरून सोडण्याऐवजी तो पोलादातच जन्माला घालायचे दोन मार्ग निघाले. पहिला चुंबकाचा. चुंबक आणि उलटसुलट वीजप्रवाह सोडलेलं तारेचं वेटोळं जवळ आणलं की पोलादात भोवरी विद्युतप्रवाह फिरतात आणि चुंबकक्षेत्र त्यांना हिसके देतं. तो हिसका म्हणजेच आवाज. 770 अंशांपुढे लोखंडाचं लोहचुंबकत्व जातं, पण हा हिसका तरीही बसतो. वेटोळं मात्र पृष्ठभागापासून काही मिलिमीटरच्या आत हवं. धगधगत्या बिलेटपासून इतक्या जवळ म्हणजे त्याला पाण्यानं गार ठेवत बसणं आलं.

दुसरा मार्ग लेझरचा, आणि मला जास्त आवडतो तो हाच. 1960 मध्ये लेझर आला. तीनच वर्षांत आर. एम. व्हाइट यांनी दाखवलं की पृष्ठभाग क्षणभर तापवला तरी त्यातून लहर उठते. लेझरचा फटका जोरकस असला तर पृष्ठभागाचा कणभर थर उडतो आणि त्याच्या धक्क्यानं पोलाद आतून थरारतं. परतलेली लहर पृष्ठभागाला जे नॅनोमीटरभर हलवते, ते दुसरा लेझर दुरून टिपतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत जाँ-पिएर मोंशालां यांच्या गटानं हे तंत्र कारखान्यापर्यंत नेलं, तेही लालभडक नळ्यांच्या भिंतीची जाडी चालत्या मिलमध्ये मोजण्यासाठी.

जाडी मोजणं त्यातल्या त्यात सोपं. चीर शोधणं अवघड, कारण तापल्या पोलादातले कण मोठे होतात, लहर त्यांच्यावरच विखुरते, आणि वर स्केलचा, म्हणजे तापून धरलेल्या गंजासारख्या थराचा, पापुद्रा सुटत असतो.

जमशेटजी टाटांनी 1882 मध्ये ज्या अहवालावरून पोलादाचं स्वप्न पाहिलं, तो आपल्या चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाबद्दल होता. कारखाना गेला दुसरीकडे. इकडच्या ज्या छोट्या री-रोलिंग मिल मी पाहिल्या, तिथं भट्टीच्या तोंडाशी उभा मिस्त्री अजून रंग बघूनच ताव ओळखतो, आणि सळईचा तुकडा कापून गार झाल्यावरच तपासणीला जातो.