भूकंप करणारा मिशाळ मासा

11 नोव्हेंबर 1855 च्या रात्री एदो, म्हणजे आजचं टोकियो, गदागदा हललं. घरं पडली, आगी लागल्या, हजारो माणसं गेली. आणि धुरळा खाली बसतो न बसतो तोच बाजारात चित्रं आली. चित्रांचा नायक एक मासा.

जपानी लोककथेत जमिनीखाली नामाझू नावाचा अजस्र मासा राहतो. मिशाळ, गुळगुळीत, बिनखवल्याचा. थोडक्यात, कॅटफिश. काशिमाच्या देवाने त्याला एका शिळेखाली दाबून ठेवलंय. देवाचं लक्ष उडालं की मासा उसळतो. काशिमाच्या देवळात ती शिळा आजही दाखवतात. जमिनीवर दिसतो तो फक्त तिचा माथा. भूकंप झाला तो जुन्या पंचांगातला दहावा महिना. त्या महिन्यात सगळे देव दूरच्या इझुमोच्या देवळात जमतात, अशी समजूत. घरचा रखवालदार गावाला गेला होता, एवढं सांगायला चित्रकारांना वेगळी गोष्ट रचावी लागली नाही.

लाकडी ठशांवर छापलेली ही चित्रं स्वस्त होती. बहुतेकांवर ना चित्रकाराची सही, ना सरकारी परवान्याचा शिक्का. एका चित्रात योशिवारा या वेश्यावस्तीतल्या बायका माशाला बदडून काढताहेत आणि कोपऱ्यातून काही माणसं त्याला सोडवायला धावत येताहेत. कोण ही? सुतार, गिलावा करणारे, छपरं शाकारणारे! शहर नव्याने उभं करायचं तर मजुरी यांच्याच पदरात पडणार. दुसऱ्या एका चित्रात श्रीमंत माणूस सोन्याची नाणी ओकतोय. मला ही चित्रं भीतीपेक्षा हिशेबाची वाटतात: कोण बुडालं, कोणाचं फावलं. सत्तेलाही ते कळलं असावं. दोनेक महिन्यांत चित्रांवर बंदी आली.

भूकंपाचं खरं कारण जमिनीखालची भूपट्टं, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकते, अवाढव्य तुकडे. जपानच्या परिसरात अशी चार भूपट्टं एकमेकांना भिडतात. त्यांच्या कडा अडकतात, ताण साठत जातो आणि एका क्षणी खडक सरकतो.

तरीही मासा शास्त्रज्ञांच्या डोक्यातून गेला नाही. कॅटफिशच्या कातडीत बारीक खळगे असतात आणि त्यांतून त्याला पाण्यातले अतिशय क्षीण विद्युत बदल जाणवतात. गढूळ पाण्यात, रात्री, भक्ष्य सापडतं ते अशा खुणांवर. 1930 च्या दशकात हाताई आणि आबे या संशोधकांनी कॅटफिशच्या टाक्या ठेवलेल्या टेबलावर हलकेच टकटक करून पाहिलं. भूकंपाआधी मासे जास्त दचकतात, असं त्यांना आढळलं. पण टाकीचा जमिनीशी विद्युत संपर्क असेल तरच. पुढे टोकियोच्या मत्स्य प्रयोगशाळेने 1976 पासून बरीच वर्षं मासे न्याहाळले. भरवशाचा इशारा काही हाती लागला नाही. मासा कधीही दचकतो, भूकंप नसतानाही.

टोकियोच्या रस्त्यांवर मोठा भूकंप झाल्यास वाहतूक बंद होईल, असं सांगणाऱ्या पाट्या आहेत. त्यांवर एक मासा काढलेला असतो. चांगला गुबगुबीत, मिशांसकट.