पारव्याच्या कोपरातलं भोक

२०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि कबुतरांना दाणे घालावेत की नाही यावर शहरभर खडाजंगी झाली. हाच पारवा निअँडरथल माणूस, म्हणजे आपला नामशेष झालेला चुलतभाऊ, भाजून खात होता, हे त्या गदारोळात कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

स्पेनच्या दक्षिण टोकाला असलेल्या जिब्राल्टरच्या कड्यात, समुद्राकाठी गोरहॅम गुहा आहे. तिथल्या पारव्यांच्या १,७२४ हाडांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. हाडं ६७,००० ते २८,००० वर्षांपूर्वीची. चपळ पाखरं धरणं निअँडरथलांना जमतच नव्हतं, असं तोवर बरेच जण मानत. पण पारवा मुळात कड्याकपारीतच घरटं करतो. गुहेत राहणाऱ्याला तो हाताशीच.

आता शंका अशी, की गुहेत घुबडंही राहतात. पारवा त्यांनीच खाल्ला नसेल कशावरून? घुबडाच्या पोटातून गेलेलं हाड आम्लाने झिजलेलं असतं, ते ओळखू येतं. दगडी पात्याची चीर दिसली तर प्रश्नच मिटला. पण एवढ्याशा पाखराला पातं हवं कशाला? त्यामुळे चिरा मोजक्याच सापडतात.

अशा वेळी मला सगळ्यात आवडणारा पुरावा कामी येतो, तो कोपराचा. पंख म्हणजे पक्ष्याचा हातच. दंडाच्या हाडाला कोपराजवळ एक खळगा असतो आणि तिथलं हाड अगदी पातळ असतं. पंख उलटा पिरगळून मोडला की पुढच्या हाडाचं, म्हणजे अल्नाचं टोक त्या खळग्यात घुसतं आणि आरपार भोक पडतं. तंदुरी कोंबडीचा पंख आपण असाच तर मोडतो! संशोधकांनी पक्ष्यांचे पंख हातांनी मोडून हे पडताळलंय. घुबडाची चोच अशी पिरगळत नाही.

भाजल्याच्या खुणाही बोलक्या. मांसाखालचा भाग वाचतो, उघडं टोक करपतं. अख्खं हाड सारखंच काळं असेल तर ते जेवणानंतर आगीत पडलं असावं. गोरहॅममध्ये भाजलेली हाडं चिरा असलेल्यांपेक्षा बरीच जास्त आहेत.

‘आदिमानवासारखं खा’ म्हणत डाएट प्लॅन विकणाऱ्यांनी यातून पारव्याचा कोर्स काढू नये. हाडं टिकतात, कंदमुळं कुजतात. सापडलं तेवढंच खाल्लं असं होत नाही.

आणि चीर दिसली म्हणजे जेवणच, असंही नाही. क्रोएशियातल्या क्रापिना इथे सुमारे १,३०,००० वर्षांपूर्वीच्या गरुडाच्या आठ नख्या सापडल्या. काहींवर कापल्याच्या खुणा आहेत, पण नखीवर मांस कुठलं? त्या बहुधा दागिन्यासाठी काढल्या होत्या.