पार्श्वभूमी : चॅट सर्व्हरच्या यादीत एवढी मॉड्यूलं आली कुठून?

मे महिन्यात नागपुरात भरदुपारी लाईन गेली की आधी कूलर थांबतो, मग राउटर. धंतोलीतल्या एका छोट्या कार्यालयाचा चॅट सर्व्हर मी सांभाळतो. गेल्या उन्हाळ्यात तिथे असंच झालं. सर्व्हर मुंबईतल्या भाड्याच्या यंत्रावर असल्यामुळे तो सुरूच होता. राउटर बंद पडताच सगळ्यांचे फोन मोबाइल डेटावर गेले आणि काही सेकंदांत पुन्हा जोडलेही गेले. पण मधल्या तेवढ्या वेळात आलेले चार-पाच निरोप कुणाच्याच फोनवर उतरले नाहीत. जुनी जोडणी तुटली हे सर्व्हरला कळलंच नव्हतं, तो त्या मेलेल्या वाटेनेच निरोप पाठवत राहिला होता. त्यातला एक निरोप विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेचा होता.

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाने सर्व्हर चालवणाऱ्या प्रॉसडी या प्रोग्रामची कॉन्फिग फाइल, म्हणजे त्याच्या मांडणीची फाइल, उघडली, मॉड्यूलांची, म्हणजे एकेक सोय पुरवणाऱ्या जोडभागांची, लांबलचक यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "भाऊ, एवढ्या ओळी काऊन? यातल्या लागतात किती?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्या ओळी एका दिवसात, एका डोक्यातून आलेल्या नाहीत. प्रत्येक ओळीला आपलं एक साल आहे, आणि ते माहीत असलं की काय ठेवायचं, काय काढायचं हे बरंचसं आपोआप उमगतं.

सुरुवात १९८८ पासून करावी लागते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची व्यवस्था लिहिली. त्या काळच्या सर्व्हरमध्ये कोणती सोय हवी, कोणती नको, हे प्रोग्राम कंपाइल करतानाच, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम बनवतानाच, ठरवावं लागे. मत बदललं की पुन्हा कंपाइल, पुन्हा सुरू. सर्व्हर कुणाचा निरोप जपून ठेवत नसे. टोपणनाव कुणाच्या मालकीचं, हेसुद्धा बाजूला चालणारे वेगळे प्रोग्राम बघत. चालू सर्व्हरला भाग जोडण्याची पद्धत तिथे पुढे रुजली, पण आमच्या फाइलीतली वंशावळ त्या घराण्याची नाही.

ती सुरू होते जॅबर या खुल्या निरोप-व्यवस्थेपासून. जेरेमी मिलर यांनी जानेवारी १९९९ मध्ये हा प्रकल्प जाहीर केला आणि मे २००० मध्ये जॅबरडी सर्व्हरची १.० आवृत्ती आली. तेव्हा आयसीक्यू, एआयएम, याहू, एमएसएन अशी निरोपसेवांची चार घरं होती आणि चारही घरांची दारं एकमेकांना बंद. मिलर यांना सगळ्यांशी एकाच खिडकीतून बोलायचं होतं. म्हणून मधला सर्व्हर मुद्दाम साधा ठेवला गेला: एक्सएमएलचे, म्हणजे खुणांच्या चौकटीत लिहिलेल्या मजकुराचे, तुकडे इकडून तिकडे पोहोचवणं एवढंच त्याचं काम. बाकी सगळं जोडकाम. संपर्कयादी सांभाळायला एक मॉड्यूल, गैरहजर माणसाचे निरोप ठेवायला दुसरं, ओळखपत्रासाठी तिसरं, आणि ही सगळी सर्व्हरच्या एक्सएमएल फाइलीत ओळीने मांडायची. नावांच्या आधी 'मॉड' लावण्याची रीत अपाची वेब सर्व्हर चालवणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली होतीच. ती इथेही दिसते आणि आजतागायत टिकून आहे.

याच काळात एक भेद पडला, आणि आजही नवशिक्यांची सर्वांत जास्त दमछाक तिथेच होते. मॉड्यूल हे सर्व्हरच्या पोटात राहतं, तर कंपोनंटला स्वतःचा वेगळा पत्ता असतो. याहूशी बोलणारं प्रवेशद्वार हे कंपोनंट, गटचर्चेच्या खोल्या हेही कंपोनंट. आता प्रॉसडीत बघा. फाइलीच्या वरच्या भागात जी सामायिक यादी लिहितो, ती प्रत्येक व्हर्च्युअल होस्टला, म्हणजे वापरकर्त्यांच्या पत्त्यातल्या डोमेनला, लागू होते, कंपोनंटला मात्र नाही. त्यामुळे वर 'मॅम', म्हणजे जुने निरोप साठवणारं मॉड्यूल, लिहिलं की दोघांमधलं बोलणं साठतं, पण खोल्यांमधलं काही साठत नाही. त्यासाठी खोल्यांच्या कंपोनंटखाली 'एमयूसी मॅम' (एमयूसी म्हणजे गटचर्चा) वेगळं लिहावं लागतं. हे न कळल्यामुळे दोन-दोन दिवस डोकं धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. चूक त्यांची नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वीची रचना त्यांना कुणी सांगितलीच नव्हती.

२००१ मध्ये जॅबरची संस्था उभी राहिली आणि प्रत्येक नव्या सोयीचं क्रमांकित टिपण निघू लागलं. ऑक्टोबर २००४ मध्ये मूळ नियमावली आरएफसी ३९२० आणि ३९२१ या इंटरनेटच्या क्रमांकित दस्तऐवजांच्या रूपात आली. तिचं औपचारिक नाव एक्सएमपीपी. २००७ मध्ये संस्थेनेही तेच नाव घेतलं, आणि त्याच सुमाराला टिपणांना 'झेप' (एक्सईपी) म्हणू लागले. मराठी कानाला तो शब्द फार गोड लागतो. गाभा लहान ठेवायचा आणि वाढ टिपणांतून होऊ द्यायची, हा निर्णय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. मॉड्यूलांची यादी लांबते ती याच निर्णयामुळे. झेपचा क्रमांक साधारण वयही सांगतो: समोरच्याला काय काय येतं हे विचारणारी झेप ३०, गटचर्चेची झेप ४५ ही जुनी पिढी. तुटलेली जोडणी सांधणारी १९८, दुसऱ्या उपकरणावर प्रत पाठवणारी २८०, साठ्याची ३१३ आणि फाइल चढवण्याची ३६३ ही फोनच्या काळातली.

याच घराण्यातल्या ईजॅबरडी या सर्व्हरची गोष्ट थोडी वेगळी. ॲलेक्सी श्चेपिन यांनी २००२ च्या अखेरीस ते लिहायला घेतलं आणि भाषा निवडली अरलँग. ही भाषा एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्माला आली. एक्स्चेंज दुरुस्तीसाठी बंद ठेवता येत नाही, म्हणून चालू प्रोग्रामचा एखादा भाग तिथल्या तिथे बदलण्याची सोय भाषेतच आहे. मॉड्यूलांवर चालणाऱ्या सर्व्हरला याहून काय हवं! कॉन्फिग मात्र बराच काळ अरलँगच्याच लिपीत लिहावी लागे. कंस, स्वल्पविराम आणि शेवटी न विसरता पूर्णविराम. २०१३ मध्ये १३.१० आवृत्तीपासून यामल ही साधी लेखनपद्धत आली. पूर्णविरामाची कटकट गेली, तिच्या जागी ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागा मोजण्याची आली. आज सीताबर्डीच्या दुकानदारापासून कळमन्याच्या संत्र्याच्या अडत्यापर्यंत सगळे ज्यावर भाव कळवतात त्या व्हॉट्सॲपची सुरुवात ईजॅबरडीवरच झाली. त्यात पुष्कळ बदल करत त्यांनी २०१२ च्या सुरुवातीला एकाच यंत्रावर वीस लाख जोडण्या पेलून दाखवल्या.

याच घराण्यातला आणखी एक सर्व्हर ओपनफायर, म्हणजे आधीचं जाइव्ह मेसेंजर आणि मधल्या काळातलं वाइल्डफायर, जावा भाषेत लिहिलेलं. त्याने मॉड्यूल बसवणं सर्वांत सोपं केलं. ब्राउझरमध्ये व्यवस्थापकाचं पान उघडा, प्लगिनची, म्हणजे मॉड्यूलची, फाइल चढवा, झालं. ही सोय किती महाग पडू शकते ते २०२३ मध्ये दिसलं. त्या पानात एक त्रुटी सापडली, तीही २०१५ पासूनच्या आवृत्त्यांत असलेली. हल्लेखोर पासवर्डशिवाय आत शिरत, स्वतःला व्यवस्थापक करून घेत आणि मग स्वतःचं प्लगिन चढवत. प्लगिनला सर्व्हरचे सगळे अधिकार असतात, त्यामुळे पुढे यंत्रच त्यांच्या हाती जाई. व्यवस्थापनाचं पोर्ट, म्हणजे त्या पानाचं दार, इंटरनेटवर उघडं ठेवू नका हे मी ज्याला त्याला सांगत असतो, ते यासाठी.

प्रॉसडी २००८ मधली. मॅथ्यू वाइल्ड यांनी ती लुआ या छोट्या भाषेत सुरू केली आणि कॉन्फिग फाइलही लुआतच ठेवली. ओळीपुढे दोन आडव्या रेघा मारल्या की ते मॉड्यूल बंद. जुन्या, कमी मेमरीच्या यंत्रावरही ती निवांत चालते. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी व्हिडिओ बैठकींसाठी आपापला जित्सी सर्व्हर उभारला त्यांच्याकडे प्रॉसडी न सांगता आली, कारण जित्सी आतून तिच्यावरच चालतं. मूळ संघाची मॉड्यूलं एका बाजूला आणि समाजाने लिहिलेली वेगळ्या भांडारात, अशी तिची पहिल्यापासून विभागणी आहे.

मग फोन आले आणि जुनी गृहीतकं कोसळली. १९९९ मध्ये माणूस एका टेबलावर, एका तारेने जोडलेला होता. आता त्याच्याकडे फोन आणि लॅपटॉप दोन्ही, वर्धा रोडवर मेट्रोत बसला की नेटवर्क बदलतं, आणि बॅटरी वाचवायला ॲप झोपी जातं. या प्रत्येक अडचणीसाठी एकेक मॉड्यूल जन्मलं. त्याच सुमाराला गूगल टॉक या चॅटसेवेनेही एक्सएमपीपीची वाट सोडली. २००६ पासून ते इतर सर्व्हरांशी बोलत होतं, २०१३ मध्ये हँगआउट्स आलं आणि ती दारं मिटत गेली. १९ मे २०१४ पासून सार्वजनिक एक्सएमपीपी जाळ्यातल्या अनेक सर्व्हरांनी एकमेकांशी फक्त कूटबद्ध जोडणीच ठेवायची असं ठरवलं. यादीत टीएलएसची, म्हणजे जोडणी कूटबद्ध करणारी, ओळ ऐच्छिक उरली नाही ती तेव्हापासून.

फोनच्या काळातली ही मॉड्यूलं आधी समाजाच्या भांडारात वाढली आणि कसाला उतरल्यावर एकेक करून प्रॉसडीच्या मुख्य संचात आली. साठवण आणि प्रती २०१७ च्या ०.१० मध्ये, 'स्मॅक्स' म्हणजे तुटलेली जोडणी सांधणारं मॉड्यूल २०२२ च्या ०.१२ मध्ये, फोनला जागं करणारी पुश सूचना २०२५ च्या १३.० मध्ये. आमची गफलत इथेच होती. सर्व्हर ०.१२ वर गेला होता, पण आवृत्ती बदलताना पॅकेज आपली कॉन्फिग फाइल तशीच ठेवतं. यादी मी २०१५ मध्ये लिहिलेली. स्मॅक्स यंत्रावर हजर होतं, फक्त त्याला कुणी बोलावलं नव्हतं. याची उलट बाजूही असते: समाजाच्या भांडारातून पूर्वी उतरवलेली जुनी प्रत फोल्डरमध्ये राहिली, तर प्रॉसडी आधी तीच उचलते आणि मुख्य संचातली नवी तशीच पडून राहते.

आम्ही दोघांनी त्या दिवशी जुन्या प्रती फोल्डरमधून हलवल्या, यादीत स्मॅक्स आणि फोन झोपलेला असताना बिनमहत्त्वाची वर्दळ अडवणारं 'सीएसआय सिंपल' घातलं, खोल्यांखाली एमयूसी मॅम लिहिलं आणि प्रॉसडीसीटीएल या प्रॉसडीच्या नियंत्रण-आज्ञेची तपासणी चालवली. एक स्वल्पविराम सुटला होता, तो तिने दाखवला. मग सर्व्हर पूर्ण बंद करून सुरू केला, कारण नुसतं रीलोड केल्याने फाइल पुन्हा वाचली जाते, यादीतली नवी मॉड्यूलं चढत नाहीत. जूनच्या पहिल्या वादळात पुन्हा लाईन गेली. फोन मोबाइल डेटावर गेले, आणि अडकलेले निरोप एकामागून एक उतरले.

मुलाने नंतर स्वतःहून एक काम केलं. आता त्या फाइलीत प्रत्येक मॉड्यूलच्या ओळीशेवटी दोन आडव्या रेघा आहेत, आणि रेघांपुढे एक साल.