हीटर गेलेत की गाडी एअर धरतेय?

डिसेंबरात जांबोटीच्या पुढे रानात मुक्काम केला की सकाळी आमची घरगाडी हमखास अडून बसायची. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं, पेटायचं नाही. गाडी म्हणजे जुनी बारा सीटर डिझेल व्हॅन. सीटा काढून आत दोन बर्थ, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली. इंजिन प्रीचेंबरचं, म्हणजे डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटणारं. असल्या इंजिनाला गारठ्यात तो कप्पा तापवणाऱ्या हीटर प्लगचा आधार लागतोच, त्यामुळे जो भेटेल तो एकच सांगायचा, हीटर गेलेत. मी चारही नवे टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मेस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "सेल्फ मारताना धूर कसला येतोय ते सांगा की ओ. हीटरचं मागनं बघूया."

धूर येतच नव्हता, आणि सगळं उत्तर त्यातच होतं.

हीटर गेलेला असतो तेव्हा डिझेल नोझलपर्यंत व्यवस्थित पोचतं, आत फवारलंही जातं. फक्त ते पेटायला लागणारी उष्णता आत नसते. मग ते न जळलेलं डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपात सायलेन्सरमधून बाहेर पडतं. त्याला कच्च्या डिझेलचा उग्र वास असतो, डोळे चुरचुरतात. एखाद-दुसराच हीटर गेला असेल तर गाडी चालू होते, पण मिनीटभर दोन-तीन सिलिंडरांवर हादरत, पांढरं ओकत चालते आणि गरम झाली की सुधारते.

एअर धरलेल्या, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरलेल्या गाडीत नोझलपर्यंत डिझेलच जात नाही. जळायलाच काही नाही, तर धूर कसला? सेल्फ कितीही मारा, सायलेन्सर कोरडा. याचं दुसरं रूप जास्त फसवं असतं. गाडी पहिल्याच झटक्यात छान चालू होते, दहा-पंधरा सेकंदांत बंद पडते आणि मग काही केल्या उठत नाही. पंपात उरलेलं डिझेल संपलेलं असतं आणि मागून हवा आलेली असते.

दोन्ही बिघाड सकाळीच दिसतात, म्हणून गल्लत होते. रात्र थंड असते आणि लांबही असते. हीटर गेलेल्या गाडीला थंडी नडते. एअर धरणारीला उभं राहणं नडतं, कारण तेवढ्या वेळात नळीतलं डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं. म्हणून एक दिवस गाडी सकाळी चालू करून बंद करा, सात-आठ तास उन्हात उभी ठेवा आणि दुपारी सेल्फ मारून बघा. तेव्हाही धुराशिवाय नुसतीच फिरत राहिली तर एअर. टाकी मागे असलेली गाडी चढावर तोंड करून उभी केल्यावर त्रास वाढत असेल, तर संशय पक्का. एक गुंता मात्र ध्यानात ठेवा. जुनं रबर गारठ्यात कडक होतं आणि क्लिपची पकड सैल पडते, त्यामुळे एअरचा त्रासही थंडीत थोडा वाढतोच.

आपल्याकडे तिसरंही एक निदान ऐकू येतं, डिझेल गोठलं असेल. बेळगावात पहाटेचा पारा १३-१४ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. पण तेवढ्यात डिझेलचं मेण होत नाही. तो प्रश्न लडाखचा. तिथल्यासाठी २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं.

हीटर तपासणं सोपं आहे. चारही प्लग जोडणारी पट्टी सोडवा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगच्या माथ्याला लावा. दिवा लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर प्लग मेला. पट्टी परत बसवून चावी हीटरवर फिरवली आणि तिथे करंटच आला नाही, तर दोष रिले किंवा फ्यूजचा. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो म्हणजे चारही हीटर तापतात, असं समजू नका.

एअर शोधायला चिकाटी लागते. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीतून पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे तिथे चीर असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. कोरडी, स्वच्छ दिसणारी नळीच दोषी निघू शकते. सकाळी सेल्फच्या आधी डिझेल हाताने पुढे ढकलायचा हातपंप मारून बघा. सुरुवातीला पोकळ लागला, मग कडक झाला आणि गाडी लगेच उठली, तर हवा होती. मग फीड पंपाला उंचावर ठेवलेल्या कॅनमधून थेट डिझेल द्या. रात्रभर उभी राहूनही गाडी सकाळी झटकन उठली, तर दोष टाकीकडच्या नळीत.

एअर काढायला नोझलचा नट सैल करताना हात आणि चेहरा लांब ठेवा. तिथली बारीक धार कातडीत घुसते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, नाहीतर तोही जळेल. आणि हीटर असलेल्या इंजिनात गाडी उठवायला वापरतात तो इथरचा स्प्रे कधीच मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भडकतो, रिंगा तुटतात.

आमच्या गाडीत फीड पंपाशेजारच्या क्लिपखाली रबरी नळीला केसाएवढी चीर सापडली. हातभर नळी आणि दोन क्लिपा बदलल्या. काढलेले चार जुने हीटर मी नंतर दिव्यावर तपासले. चारही शाबूत निघाले, म्हणून ते आता बर्थखालच्या पेटीत स्पेअर म्हणून ठेवलेत.