संधिवाताच्या औषध-चाचणीत नाव द्यायचंय? आधी जुन्या चिठ्ठ्या शोधा

रूमॅटॉइड आर्थरायटिसवरच्या नव्या औषधाची चाचणी कुठे चालू आहे, हे सीटीआरआय या सरकारी नोंदणीत ऑनलाइन पाहता येतं. पैसे लागत नाहीत. तिथे भरतीची स्थिती दोन ठिकाणी असते, जगभरची वेगळी आणि भारतातली वेगळी. लोक पहिली वाचतात आणि रात्रीची गाडी पकडून येतात. भारताची ‘ओपन’ असेल, जवळच्या केंद्राला एथिक्स कमिटीची (रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीची) मंजुरी असेल, तर फोन करा. मगच निघा.

आधार, रिपोर्ट, एक्स-रे बहुतेकांकडे असतात. घोडं अडतं ते मेथोट्रेक्सेटच्या, म्हणजे या आजारावर आठवड्यातून एकदा घ्यायच्या नेहमीच्या गोळीच्या, पुराव्यावर. सहसा अट अशी असते: गोळी किमान १२ आठवडे चालू हवी आणि शेवटचे काही आठवडे डोस तोच हवा. मेडिकलवाला जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या देतो, बिल कोणी मागत नाही. मग ‘वर्षभर घेतोय’ म्हणून काय उपयोग? दुकानाच्या कॉम्प्युटरमधून जुनी बिलं काढून घ्या. डॉक्टरांकडून सुरुवातीची तारीख आणि आठवड्याचे मिलिग्रॅम लिहून घ्या, सही-शिक्क्यासह.

अनेक चाचण्यांत किमान सहा सांधे दुखरे आणि सहा सुजलेले लागतात. ते भरावेत म्हणून गोळी बंद करून येणारे असतात. कृपा करून हे करू नका. आठवड्यांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि दुखणं वाढतं ते वेगळंच. वाताच्या ‘देशी’ पुड्या चालू असतील तर तेही सांगा. त्यांत स्टेरॉइड निघण्याचे प्रकार नवे नाहीत.

टीबीसाठी इग्रा ही रक्तचाचणी होते. लहानपणच्या बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. सुप्त टीबी निघाला तरी प्रतिबंधक गोळ्या सुरू करून काही औषध-चाचण्यांत घेतात, विचारून पाहा. पूर्वी टीबीचा कोर्स झाला असेल तर तो पूर्ण केल्याचा कागद मागतात, आणि तो नेमका कोणाकडेच नसतो. जिथे औषधं घेतली त्या केंद्रातून आधीच मिळवा. छाननीची, म्हणजे तुम्ही अटींत बसता का हे तपासण्याची, मुदत सहसा चारेक आठवडेच असते आणि ती संमतीपत्रावरच्या सहीपासून धरतात. शेवटचा रिपोर्ट कधी आला, याच्याशी तिचा संबंध नसतो. सरकारी दप्तरातला कागद तेवढ्यात हाती येईल, या भरवशावर राहू नका.

संमतीपत्रात वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात. ते वाचून घरचे घाबरतात, पण नुकसानभरपाईच्या नियमांसाठी हे रकाने प्रत्येकालाच भरावे लागतात. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. सही केलेली प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. नाव घालून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.