मासे जिवंत आहेत, म्हणजे पाणी स्वच्छ?

नदीत मासे दिसले की पाणी चांगलं, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. मांगूर तर हवेतूनही श्वास घेतो, गटारासारख्या पाण्यातही तग धरतो.

प्रयोगशाळेत 'एलसी-५०' काढतात: ठरावीक वेळेत, माशांसाठी बहुधा ९६ तासांत, निम्मे जीव मरतील एवढं विषाचं प्रमाण. हाच आकडा कुणी 'सुरक्षित मर्यादा' म्हणून सांगतं तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. निम्मे मेले की हो! शिवाय जे जगले त्यांचं पुढे काय होतं, ते यातून कळत नाही. म्हणूनच डॅफ्निया या बारीक जलजीवावर २१ दिवसांची चाचणीही करतात. तिथे मुख्यतः पिल्लं किती झाली ते मोजतात.

कॅनडात ओंटारिओतल्या एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन (मादीचं संप्रेरक) सोडलं, लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम. मासे पटापट मरून तरंगले नाहीत. पण फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, काहींच्या वृषणांत अंडपेशी सापडल्या. नवी पिढी जवळपास आलीच नाही, आणि तळ्यातून ही जात संपत आली. ९६ तासांच्या चाचणीत हे पाणी आरामात पास झालं असतं.